'पाताळ भैरवी'ला मराठीत वाचा द्या: राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला खुलं पत्र

मा. संचालक,
राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय,
लॉ कॉलेज रस्ता, पुणे यांस,

स. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात मुलांचं वाचनालय चालवते. पत्र लांबणार आहे, म्हणून मागणी आधीच सांगून टाकते. १९४० ते १९५५ च्या सुमारास मद्रास, सेलम आणि कोइमतूर इथे जे तमिळ जादूपट निघाले, त्यांना मराठी सबटायटल द्या आणि ते आमच्यासारख्या गावांतून दाखवता येतील अशी सोय करा. सुरुवात 'पाताळ भैरवी'पासून करा. का, ते सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

माझं लहानपण माटुंग्याच्या चाळीत गेलं. आमच्या भिंतीपलीकडे एक तमिळ कुटुंब राहायचं. त्या घरातल्या आजींना त्यांची नातवंडं म्हणायची म्हणून आम्हीही पाट्टीच म्हणायचो. सत्तरच्या दशकात एकदा चाळीमागच्या पटांगणात १६ एमएमचं मशीन आलं. दोन बांबूंच्या मधे चादर ताणली होती. आम्ही पोचलो तोवर समोरची सगळी जागा भरली होती, म्हणून पाट्टी माझा हात धरून मला पडद्याच्या मागच्या अंगाला घेऊन गेल्या. तिथे चटई टाकून आम्ही दोघी बसलो. मागून चित्र उलटं दिसतं. नायकाची तलवार डाव्या हातात, नावांची पाटी आरशात धरल्यासारखी. त्या उलट्या चित्रात मी पहिल्यांदा 'पाताळ भैरवी' पाहिला.

मला तमिळ कळत नव्हतं. पाट्टी माझ्या कानाशी वाकून सांगत होत्या. चाळीत इतकी वर्षं राहून त्यांची जी मराठी तयार झाली होती, तीत. "तो दाढीवाला हाय ना, तो मांत्रिक. त्याला शूर पोरगा पायजे. देवीला बळी देनार. पोराला ठाऊक नाय." त्यांच्या तोंडाला विड्याच्या पानाचा वास होता. मधूनच त्या माझी हनुवटी पडद्याकडे वळवायच्या आणि म्हणायच्या, "पार, कण्णम्मा, पार." बघ गं, बघ. त्या रात्री चित्रपट मला डोळ्यांनी जितका कळला तितकाच कानात आलेल्या त्या कुजबुजीने कळला. माझं सगळं मागणं त्या कुजबुजीचंच आहे.

आपल्याला चित्रपटाची ओळख करून द्यायची गरज नाही. पण हे पत्र इतरही वाचतील, म्हणून थोडं सांगते. विजया प्रॉडक्शन्सचा हा चित्रपट मद्रासच्या वाहिनी स्टुडिओत तेलुगू आणि तमिळ अशा दोन भाषांत तयार झाला. १९५१ च्या मार्चमध्ये तेलुगू आला, मे महिन्यात तमिळ. दिग्दर्शक के. व्ही. रेड्डी, कथा-पटकथेत पिंगळी नागेंद्रराव, तमिळ संवाद आणि गाणी तंजै रामय्या दास यांची, संगीत घंटसालांचं, कॅमेरा मार्कस बार्टलींचा. उज्जैनच्या राजवाड्यातल्या माळ्याचा मुलगा रामन राजकन्या इंदुमतीवर जीव लावतो. राजा त्याला धरतो आणि अट घालतो: माझ्या तोलाची दौलत मिळवून आण, मग मुलगी देतो. नेपाळचा एक मांत्रिक अशाच धाडसी पोराच्या शोधात असतो. पाताळ भैरवीला त्याचा बळी दिला की मागाल ते देणारी एक छोटी मूर्ती हाती येणार असते. तो रामनला दौलतीचं आमिष दाखवून गुहेत नेतो. बळीच्या आधीच्या स्नानासाठी रामन पाण्यात उतरतो, तिथे मगर त्याच्यावर झडप घालते. तो तिला मारतो, आणि मगरीच्या जागी शापातून सुटलेली एक स्त्री उभी राहते. तीच त्याला सांगते की बळी तुझाच जाणार आहे. पुढे बळी मांत्रिकाचा जातो आणि मूर्ती रामनच्या हाती येते.

गोष्ट इथे संपली असती तर एरवीच्या शंभर परीकथांत ती खपून गेली असती. पण चित्रपटाचा अर्धा भाग तर यानंतर सुरू होतो. मांत्रिकाचा चेला गुरूला पुन्हा जिवंत करतो, राजाच्या मेहुण्याकरवी मूर्ती पळवली जाते, आणि मूर्तीच्या बळावर उभा राहिलेला महाल राजकन्येसकट नाहीसा होतो. काल राजाच्या तोलाचा झालेला मुलगा आज पुन्हा माळ्याचा मुलगा. आता त्याच्याकडे फक्त एक मित्र, अंजी, आणि स्वतःची अक्कल. आयती आलेली दौलत एका रात्रीत जाते आणि मग ती राजकन्या त्याला पायी चालून, वेश पालटून, युक्तीने परत मिळवावी लागते, यातच या कथेची खरी ताकद आहे असं मला वाटतं. तारखाही बघा. देश स्वतंत्र होऊन चार वर्षं झालेली, संस्थानं नुकतीच विलीन झालेली आणि पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आलेली. अशा वेळी तंबूत आणि थिएटरात बसलेल्या माणसांनी एका माळ्याच्या पोराला राजासमोर ताठ उभं राहून त्याच्या मुलीचा हात मागताना पाहिलं. कुणी भाषण केलं नाही, कुणी झेंडा दाखवला नाही. जादूची गोष्टच सांगितली.

एस. व्ही. रंगाराव तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेले होते. तो मांत्रिक पाहताना हे वय खरं वाटत नाही. ते उगाच डोळे फिरवत नाहीत. बोलता बोलता मधेच थांबतात, समोरच्या पोराला वरपासून खालपर्यंत तोलून घेतात, बाजारात बैल पाहतात तसे, आणि मग गोड बोलू लागतात. त्या गोड बोलण्याचीच भीती वाटते. रामन झालेले एन. टी. रामाराव पुढे आंध्रचे मुख्यमंत्री झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र ते पहिल्यांदा पडद्यामागून, डाव्या हातात तलवार घेतलेलेच दिसले.

आता आपल्या घरची गोष्ट. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्या 'चांदोबा' वाचून मोठ्या झाल्या. विक्रम झाडावरून प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगतो, उत्तर दिलं की मौन मोडतं आणि वेताळ पुन्हा झाडावर. हे ज्यांना तोंडपाठ आहे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल की 'चांदोबा' आणि 'पाताळ भैरवी' ही एकाच घरची भावंडं आहेत? बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या जोडीने जुलै १९४७ मध्ये तेलुगू 'चंदमामा' आणि तमिळ 'अंबुलिमामा' सुरू केलं. चित्रपट काढणारी विजया प्रॉडक्शन्सही त्यांचीच. मराठी 'चांदोबा' १९५२ साली आला, म्हणजे 'पाताळ भैरवी'नंतर वर्षभरात. आम्ही मुलं दर महिन्याला मद्रासमधल्या ज्या वडपळनीहून आलेल्या रंगीत पानांवर तुटून पडायचो, तिथल्याच माणसांनी हा चित्रपट केला होता. टोकदार दाढीचा मांत्रिक, गुहेच्या तोंडाशी उभी राक्षसी, शिखरांवर शिखरं असलेले महाल, हे सगळं आपल्या डोळ्यांना आधीपासून ओळखीचं आहे. मासिक आता बंद पडलं. त्याचं हे हलतंबोलतं भावंड मात्र अजून आहे, आणि ते मराठी मुलांशी बोलू शकत नाही.

आणखी एक धागा. जानेवारी १९५२ मध्ये भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत सुरू झाला. त्यात भारतीय चित्रपटांत 'आवारा' होता, बंगाली 'बाबला' होता, आपल्या शांतारामबापूंचा 'अमर भूपाळी' होता, आणि दक्षिणेतून 'पाताळ भैरवी' होता. होनाजी बाळा आणि नेपाळचा मांत्रिक एकाच महोत्सवात, एकाच शहरात. तेव्हा तो मुंबईला आला तो सन्मानाने आला. आज त्याच राज्यात तो आपल्या मुलांना कळेल अशा रूपात कुठेच मिळत नाही.

आणि रामनची आई. ती भूमिका केली आहे सुरभी कमलाबाईंनी. तेलुगू बोलपटाची पहिली नायिका म्हणून त्यांचं नाव घेतात. तो पहिला बोलपटही मुंबईतच तयार झाला होता. कमलाबाई ज्या सुरभी नाटक मंडळींच्या घराण्यातल्या, त्या लोकांचे पूर्वज महाराष्ट्रातून तिकडे गेलेले. चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करत ते आंध्रात स्थिरावले आणि १८८५ पासून नाटकं करू लागले. घरात ते अजून मराठीची एक बोली बोलतात. तमिळनाडूत चामड्याच्या बाहुल्यांचा 'तोल्पावैकूत्तु' करणारी कुटुंबंही मूळची मराठी भाषिकच. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकरांची चामड्याची बाहुली आणि मदुरैकडची बाहुली शेजारी ठेवली तर नातं सांगावं लागत नाही. दिव्यापुढे धरलेली सावली, मागून बोलणारा माणूस आणि समोर बसलेलं गाव, हाच तर जादूपटाचा पूर्वज. म्हणजे मी मागते आहे ते परक्याचं नाही. दूर गेलेल्या नातलगाची विचारपूस आहे ती.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आमच्या वाचनालयात 'पाताळ भैरवी' दाखवायचं ठरवलं. आंतरजालावर तमिळ प्रत मिळाली. कुणी चढवली होती त्याच्याशी माझं भांडण नाही, पण चित्राच्या वरच्या कोपऱ्यात एक मोठा शिक्का होता, आणि तो नेमका प्रत्येक वेळी रंगारावांच्या कपाळावर बसायचा. चित्राच्या कडा कापलेल्या. मधे दोन ठिकाणी आवाजच नाही. चांदण्यातल्या गाण्यात काळं आणि करडं एकमेकांत इतकं मिसळलेलं की राजकन्या कुठली आणि झाड कुठलं ते सांगावं लागलं. बार्टलींच्या चांदण्यावर लोक आजही बोलतात. आम्ही पाहिलं ते चांदणं नव्हतं, धुकं होतं.

भाषेसाठी मी पाट्टींच्या मुलीला फोन केला. मी तिला अक्का म्हणते. ती आता चेन्नईला असते. रोज रात्री ती तिकडे चित्रपट लावायची, मी इकडे वही घेऊन बसायची. ती एक वाक्य ऐकायची, थांबवायची, आणि माटुंग्याच्या मराठीत मला सांगायची. एकोणीस रात्री गेल्या. तीन तासांहून मोठा चित्रपट आहे. दोनशे पानी वह्या दोन भरल्या, तिसरी अर्धी झाली. काही शब्दांवर आम्ही अडलो. मांत्रिक पोराला ज्या तऱ्हेने हाक मारतो, त्यात लाडही आहे आणि तुच्छताही. 'बच्चा' लिहिलं, खोडलं. 'पोरा' लिहिलं, खोडलं. शेवटी 'लेका' लिहिलं आणि अक्का फोनवर हसली. म्हणाली, "हां, हेच. आई हेच बोलली असती."

खेळाच्या दिवशी एकेचाळीस मुलं आली. भिंतीवर चादर लावली, आणि मी बाजूला स्टुलावर बसून टॉर्चच्या उजेडात वहीतून मराठी वाचत गेले. कीर्तनात बुवांच्या मागे झांज धरायला उभं राहावं, तशी. पण माणसाचं तोंड चित्रपटाच्या वेगाने चालत नाही. मी मागे पडायची. मांत्रिकाचं बोलणं संपून रामन उत्तर देऊ लागलेला असायचा आणि मी अजून मांत्रिकच वाचत असायची. मगरीच्या प्रसंगात तर मी पान उलटायला चुकले. शापातून सुटलेली ती बाई पडद्यावर काहीतरी कळकळीने सांगत होती आणि माझ्या हातात भलतंच पान. तेवढ्यात पुढच्या रांगेतून चौथीतली एक मुलगी ओरडली, "अरे, तुलाच कापणार आहे तो! पळ ना!" तिला एक शब्दही कळलेला नव्हता. बाईच्या डोळ्यांवरून तिने ओळखलं होतं. सगळी मुलं गप्प झाली. मी वही मिटून ठेवली आणि तो प्रसंग तसाच जाऊ दिला.

म्हणून कुणी म्हणेल, बघा, भाषा लागतच नाही. लागते. कारण नंतर, महाल नाहीसा झाल्यावर, रामन आणि अंजी जे बोलतात, तिथे मुलं चुळबुळायला लागली. तिथे डोळ्यांवरून कळण्यासारखं काही नव्हतं. दोन माणसं बसून बोलत होती. मी वाचत होते, पण उशिरा. आणि माझ्या मते तोच तर या चित्रपटाचा गाभा. जादू मुलांना दिसली, पण जादू गेल्यावर काय करायचं ते त्यांना नीट ऐकू आलं नाही. त्या दिवसापासून हे पत्र माझ्या मनात आहे.

'पाताळ भैरवी' एकटा नाही. १९४४ चा 'जगतलप्रतापन' घ्या. कोइमतूरच्या पक्षिराजा फिल्म्सचा, श्रीरामुलु नायडूंचा. राजपुत्र चांदण्या रात्री वडलांना आपली इच्छा सांगून बसतो: इंद्राची, नागराजाची, अग्नीची, वरुणाची अशा चार मुली माझ्या सेवेला असाव्यात. राजा खवळतो, आणि पोराला देशोधडीला लागावं लागतं. पी. यू. चिन्नप्पा नायक. त्यात एक प्रसंग असा आहे की पडद्यावर एकाच वेळी पाच चिन्नप्पा बसलेले दिसतात. गाणारा तेच, मृदंगावर तेच, तोंडाने बोल म्हणणारा तेच, बाकीच्या साथीलाही तेच. आज मुलांना सांगितलं तर ती म्हणतील, त्यात काय, फोनवर होतं. मी त्यांना भिंगापुढे काळा कागद धरून दाखवते. त्या काळची रीत अशी होती: भिंगाचा एक भाग झाकायचा, नटाला मोकळ्या भागात बसवून चित्रण करायचं, मग फिल्म अंधारात मागे गुंडाळायची, झाकण सरकवायचं, नटाला दुसऱ्या जागी बसवायचं आणि पुन्हा तीच फिल्म चालवायची. कॅमेरा केसभर हलला तरी सगळं वाया. आणि प्रत्येक वेळी नटाने आधी स्वतःच गायलेल्या तालाला धरून हात चालवायचा. युद्धाचा काळ, कच्च्या फिल्मची टंचाई, चित्रपट ११ हजार फुटांच्या आत बसवा असा सरकारी हुकूम. अशा दिवसांत एकेक फूट मोजून ज्यांनी पाच चिन्नप्पा एका चौकटीत बसवले, त्यांची करामत पाहून आमची दहावीतली दोन मुलं तीन दिवस काळ्या कागदाशी खेळत होती. चिन्नप्पा १९५१ साली गेले, वयाच्या जेमतेम पस्तिशीत.

किंवा सेलमच्या मॉडर्न थिएटर्सचा १९४७ चा 'आयिरम तलै वांगी अपूर्व चिंतामणी'. नावाचाच अर्थ हजार मुंडकी घेणारी अपूर्व चिंतामणी. प्रश्नांची उत्तरं न देणाऱ्या वराचं मुंडकं उडवणारी ही राजकन्या आपल्या आजीच्या गोष्टीतही होती, फक्त नाव वेगळं होतं.

आता आपल्या कामाबद्दल. फेब्रुवारी १९६४ मध्ये संग्रहालय सुरू झालं. ते ज्यांनी उभं केलं त्या पी. के. नायर साहेबांनी गावोगाव फिरून, तळघरांतून आणि अडगळीतून रिळं गोळा केली. 'मार्तंड वर्मा' हा दक्षिणेतला मूकपट त्यांच्यामुळे आज आहे. पहिला तमिळ बोलपट 'कालिदास', जो १९३१ साली मुंबईतच तयार झाला, तो मात्र उरला नाही. नायट्रेटची फिल्म आपलं आपण कुजते, पेटते. आपण हे माझ्यापेक्षा जास्त जाणता. २०२२ च्या मे महिन्यात सरकारने राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानात सुमारे २,२०० चित्रपट नव्याने उजळून काढण्यासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर केले, ते वाचून मला खरोखर आनंद झाला होता. म्हणूनच आपल्याला लिहिते आहे. ज्याला फिल्मची किंमत कळते त्यालाच मागावं.

माझं म्हणणं इतकंच की चित्रपट वाचवण्याचं काम तो डब्यात नीट राहिला म्हणजे संपत नाही. उजळलेल्या प्रती महोत्सवांत जातात, तिथे खाली इंग्रजी ओळी असतात. आमच्या चौथीच्या मुलांना त्या वेगाने इंग्रजी वाचता येत नाही. मराठी येतं. सबटायटलसाठी मूळ प्रतीला हात लावावा लागत नाही. वेगळी फाइल असते, वेळेनुसार ओळी उमटतात. इंग्रजीसाठी कोणती ओळ कुठल्या सेकंदाला हे एकदा बसवलं असेल तर तेच मोजमाप मराठीलाही चालतं. खर्च भाषांतराचा आणि तपासणीचा. हक्कांची अडचण सांगितली जाईल. आपल्या कायद्यात चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. १९५१ च्या चित्रपटाची ती मुदत २०११ अखेर भरली, १९४४ च्या चित्रपटाची त्याच्याही सात वर्षं आधी. गाणी आणि संवाद यांचा प्रश्न वेगळा निघाला तर तो आपले कायदेतज्ज्ञ सोडवू शकतील. त्यासाठी लेखकांच्या वारसांना पत्र लिहावं लागलं तर मी पहिली सही करीन.

काही जण विचारतील की आधी मराठी चित्रपट दाखवा, तमिळ कशाला. मराठी दाखवाच. 'माया मच्छिंद्र' दाखवा. पण पुण्याने तरी हा प्रश्न विचारू नये. मद्रासला बोलपटाचा स्टुडिओ नव्हता त्या दिवसांत तमिळ नट-नट्या गाडीत बसून आपल्याकडे येत होते. आपल्या प्रभातने १९३४ साली 'सीता कल्याणम्' हा तमिळ चित्रपट काढला, बाबूराव पेंढारकरांच्या दिग्दर्शनाखाली, पापनाशम शिवन यांच्या संगीतासह. कुणी तेव्हा विचारलं नाही की मराठी माणसाने तमिळ चित्रपटात पैसे का घालावेत. आपल्या कचेरीपासून प्रभातच्या जागेपर्यंत चालत जाता येतं.

तर मागणं असं. पहिल्या वर्षी तीनच चित्रपट घ्या, पण पूर्ण करा. तमिळ आणि मराठी दोन्ही जाणणारी माणसं महाराष्ट्रात आहेत, माटुंग्यात आहेत, धारावीत आहेत, पुण्यात आहेत. तंजावरचे मराठी भाषिकही आहेत, त्यांना बोलवा. भाषांतर पुस्तकी करू नका. मुलाच्या कानात आजी सांगेल तसं करा. वाचनालयं, शाळा आणि फिल्म सोसायट्यांना दाखवण्यासाठी प्रत मागता येईल असा साधा अर्ज ठेवा, एका पानाचा. आणि आपल्याकडे असलेल्या जुन्या तमिळ चित्रपटांची यादी, प्रत्येकाची अवस्था काय आहे त्यासह, मराठीतही वाचता येईल अशी करा. एखाद्या गावात, एखाद्या जुन्या तंबू टॉकीजच्या मालकाच्या माळ्यावर एखादं रीळ पडलेलं असेल, तर त्या माणसाला कळू तरी द्या की ते आपल्याला हवं आहे.

माझ्या वह्या मी या पत्राबरोबर पाठवत नाही, कारण टपालात हरवल्या तर पुन्हा एकोणीस रात्री बसायला अक्काला मी सांगू शकणार नाही. तिचंही वय झालं. कुठल्याही कामाच्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने निघाले तर दुपारपर्यंत मी आपल्या दाराशी पोचते. वह्या आपल्या माणसांनी तपासाव्या, चुका काढाव्या, फाडून नव्याने लिहाव्या, माझी हरकत नाही. फक्त 'लेका' हा शब्द बदलण्याआधी एकदा विचारावं.

चौथीतली ती मुलगी आता पाचवीत गेली. परवा पुस्तक बदलायला आली तेव्हा तिने विचारलं, "बाई, ती पाण्यातली बाई त्याला नेमकं काय सांगत होती?" मी तिला वहीतलं ते पान वाचून दाखवलं. तिने मान हलवली आणि म्हणाली, "मला त्या बाईच्या वेळेलाच ऐकायचं होतं."

आपली नम्र,
एका बालवाचनालयाची ग्रंथपाल
जिल्हा सातारा